जनुकात न दिसणारी साखर

2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गिलँ-बारे सिंड्रोम या चेतातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि 'जीबीएस' हे नाव घराघरांत पोचलं. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू मिळाल्याचंही तेव्हा जाहीर झालं. चर्चा झाली ती विहिरींच्या पाण्याची, क्लोरीनची, अर्धवट शिजलेल्या चिकनची. ती व्हायलाच हवी होती. पण या जिवाणूचं खरं वैशिष्ट्य वेगळंच आहे आणि त्याबद्दल मराठीत सविस्तर बोललं जावं असं मला मनापासून वाटतं. हा जिवाणू आपल्या अंगावर साखर चढवण्यात कमालीचा तरबेज आहे. त्याच्या बाह्यावरणातल्या चरबीवर साखर आहे, सगळ्या अंगाभोवती साखरेचं वेष्टन आहे, पोहायच्या शेपटीवर साखर आहे आणि शिवाय साठाहून अधिक वेगवेगळ्या प्रथिनांवर एकाच ठरावीक घडणीची साखरेची साखळी आहे.

जीबीएसशी यातल्या पहिल्या साखरेचा संबंध आहे. या जिवाणूच्या काही वाणांच्या बाह्यावरणातल्या चरबीला जोडलेली साखर आपल्या चेतातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखी दिसते. शरीर जिवाणूविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि त्याच अँटिबॉडी चेतातंतूंवर जाऊन बसतात. कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्या साधारण हजारांत एखाद्याच्या वाट्याला हे येतं. या लेखाचा विषय मात्र प्रथिनांवरची साखर हा आहे. ती वेगळी यंत्रणा आहे, जीबीएस तिच्यामुळे होत नाही आणि दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

साखर म्हणजे इथे डब्यातली साखर नव्हे. रसायनशास्त्रात साखर हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज ही त्यातली ओळखीची मंडळी. हे छोटे रेणू एकमेकांना जोडून साखळ्या तयार होतात, साखळ्यांना फांद्या फुटतात आणि पेशी त्या साखळ्या आपल्या प्रथिनांना जोडते. या जोडणीला ग्लायकोसायलेशन म्हणतात. आपल्या शरीरात रक्तात फिरणाऱ्या बहुतेक प्रथिनांवर अशी साखर असते. रक्तगट हा तर निव्वळ साखरेचा मामला आहे. ओ गटाच्या साखळीच्या टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन हा रेणू जोडला की ए गट होतो, गॅलॅक्टोज जोडला की बी. एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइनला प्रयोगशाळेत सगळे सुटसुटीतपणे गॅलनॅक म्हणतात, आपणही तेच म्हणू. टोकाच्या एका साखरेचा हा फरक, पण चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर जीव जाऊ शकतो. रोगप्रतिकारक यंत्रणा साखर किती बारकाईनं वाचते हे यावरून कळावं.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रथिनात अमिनो आम्लं कुठल्या क्रमानं यायची हे जनुकात लिहिलेलं असतं. जनुक वाचलं की प्रथिनाचा क्रम कळतो. साखरेच्या साखळीचा क्रम असा कुठेच लिहिलेला नसतो. एकामागून एक कामाला लागणारी एन्झाइमं ती साखळी घडवतात, म्हणून कुठली एन्झाइमं त्या घटकेला तयार आहेत आणि कच्चा माल कितपत मिळतोय यावर ती ठरते. एखाद्या जिवाणूचा सगळा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण संच, हातात असला तरी त्याच्या प्रथिनांवर नेमकी कुठली साखर आहे हे नुसत्या वाचनातून उमगत नाही. ती प्रत्यक्ष त्या जिवाणूतून प्रथिन काढून तपासावी लागते. रोगजंतूंच्या संशोधनात ही पायरी वर्षानुवर्षं गाळली गेली, आजही अनेक ठिकाणी गाळली जाते. त्याची किंमत मोठी आहे असं माझं मत आहे, आणि का ते पुढे येईलच.

ही पायरी गाळली जाण्यामागे एक जुना समज होता. प्रथिनांवर साखर चढवणं हे फक्त केंद्रक असलेल्या पेशींचं, म्हणजे माणूस, झाडं, बुरशी यांचं काम, जिवाणूंना ते जमत नाही, असं पाठ्यपुस्तकांतून शिकवलं जाई. 1976 साली या समजाला पहिले तडे गेले. मिठागरांच्या पाण्याला गुलाबी-लाल रंग आणणाऱ्या हॅलोबॅक्टेरियमच्या आवरणातल्या प्रथिनावर साखर सापडली, त्याच सुमारास क्लॉस्ट्रिडियम कुळातल्या काही जिवाणूंच्या आवरणातही सापडली. पण हॅलोबॅक्टेरियम नाव काहीही असलं तरी जिवाणू नाही, ते आर्किया या वेगळ्या गटातलं. आणि ती क्लॉस्ट्रिडियमंही माणसाला आजारी पाडणारी नव्हती. त्यामुळे हा अपवाद म्हणून बाजूला राहिला.

कॅम्पिलोबॅक्टरनं हा समज मोडीत काढला आणि तेही संशोधक वेगळ्याच गोष्टीचा माग घेत असताना. त्याच्या जीनोममध्ये साखरेशी संबंधित जनुकांचा एक झुबका होता. ही जनुकं बाह्यावरणातली चरबीवरची साखर बनवत असणार, असं धरलं गेलं होतं. क्रिस्टीन शिमान्स्की आणि पॅट्रिशिया गेरी अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात या जिवाणूवर काम करत होत्या. त्यांनी त्या झुबक्यातली जनुकं बंद पाडून पाहिली. चरबीवरची साखर जशीच्या तशी राहिली. बदललं ते भलतंच. जिवाणूच्या एकाच नव्हे तर अनेक प्रथिनांना अँटिबॉडी चिकटेनाशा झाल्या. एक जनुक बंद केलं की एक प्रथिन बिघडावं, ही अपेक्षा. इथे बरीचशी प्रथिनं एकदम बदलली होती, म्हणजे त्या सगळ्यांवर काहीतरी समान असणार. मग धडधाकट जिवाणूच्या प्रथिनांवरची साखर रसायनानं काढून पाहिली, तर त्यांचीही तीच गत झाली. 1999 साली हे काम प्रसिद्ध झालं. प्रथिनांवर सरसकट साखर चढवणारी यंत्रणा एका रोगजंतूत मिळाली होती.

ती साखळी कशी दिसते हे 2002 साली स्पष्ट झालं. सात साखरा. मुळाशी बॅसिलोसामाइन नावाची, माणसाचं शरीर कधीच न बनवणारी साखर, तिच्यावर रांगेनं पाच गॅलनॅक आणि मधूनच फांदीसारखा फुटलेला एक ग्लुकोज. रक्तगट ए ठरवणारा गॅलनॅक तो हाच.

या साखळीच्या जोडणीची पद्धत फार सुरेख आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. गजरा आपण केसांत एकेक फूल खोचून करत नाही, तो आधी दोऱ्यात ओवतो आणि मग अख्खा वेणीत माळतो. जिवाणूही तसंच करतो. पेशीच्या आतल्या पटलात तेलकट शेपटीचा एक वाहक रेणू रुतलेला असतो, त्याला अनडेकाप्रेनिल फॉस्फेट म्हणतात. पेशीच्या आतल्या अंगाला असताना त्याच्यावर आधी बॅसिलोसामाइन बसतो. मग पीजीएल-ए नावाचं एन्झाइम पहिला गॅलनॅक जोडतं, पीजीएल-जे दुसरा, पीजीएल-एच एकट्यानं पुढचे तीन, आणि शेवटी पीजीएल-आय फांदीचा ग्लुकोज. साखळी पुरी झाली की पीजीएल-के हे प्रथिन एटीपी या पेशीच्या इंधनाची ऊर्जा खर्चून तिला पटलाच्या या बाजूकडून त्या बाजूला उलटवतं. पलीकडे, आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या जागेत, पीजीएल-बी उभंच असतं. ते वाहकावरून सात साखरांची आख्खी साखळी उचलतं आणि प्रथिनातल्या ॲस्परजिन या अमिनो आम्लाला जोडून टाकतं.

कुठल्याही ॲस्परजिनला नव्हे. आपल्या पेशींत साखर जोडायला ॲस्परजिनच्या पुढे एक जागा सोडून सेरीन किंवा थ्रिओनीन असलं की भागतं. पीजीएल-बी आणखी चोखंदळ आहे, त्याला ॲस्परजिनच्या आधी एक जागा सोडून ॲस्पार्टिक किंवा ग्लुटामिक हे आम्लधर्मी अमिनो आम्लही लागतं. हा नियम 2006 साली हाती आला. त्यामुळे जीनोम वाचून साखर कुठे बसू शकेल याचा अंदाज करता येतो, पण बसलेली आहे का, हे तरीही प्रथिन तपासूनच ठरतं.

आपल्या पेशींतही साखळी आधी वेगळी तयार होऊन मग अख्खी जोडली जाते, तिथे ती चौदा साखरांची असते. जोडणी करणारं आपलं एन्झाइम आणि जिवाणूचं पीजीएल-बी हे उत्क्रांतीच्या नात्यानं भाऊबंद आहेत. आपल्याकडे अनेक प्रथिनांचा जमाव मिळून जे करतो ते जिवाणू एका प्रथिनावर निभावतो. 2011 साली झुरिचमधल्या संशोधकांनी पीजीएल-बीची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली, ती कॅम्पिलोबॅक्टर लारी या नातलगातून घेतलेली होती. ही जोडणी रासायनिकदृष्ट्या कशी घडते याचा माणसाच्या पेशींबद्दलचाही उलगडा तिच्यातून झाला.

एवढा खटाटोप जिवाणू कशासाठी करतो? साखर बनवायला ऊर्जा लागते आणि आतड्यातल्या झगड्यात ऊर्जा वाया घालवणारा टिकत नाही. उत्तर प्रयोगांतून मिळालं. साखर चढवण्याची यंत्रणा बंद पाडलेला कॅम्पिलोबॅक्टर आतड्याच्या पेशींना नीट चिकटत नाही, आत शिरत नाही, उंदराच्या आणि कोंबडीच्या आतड्यात मुक्काम ठोकू शकत नाही. यातला एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. कोंबडीच्या आतड्याला सीकम नावाचे दोन आंधळे फाटे असतात आणि कॅम्पिलोबॅक्टरचं ते आवडतं ठिकाण आहे. संशोधकांनी त्या फाट्यांतला द्रव काढून त्यात दोन्ही प्रकारचे जिवाणू वाढवले. साखर असलेले वाढले, साखर नसलेले मागे पडले. त्या द्रवात प्रथिनं कापणारी पाचक एन्झाइमं असतात. ती निकामी केली तेव्हा साखर नसलेल्यांचीही तब्येत सुधारली. म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रथिनांना पाचक एन्झाइमांनी चावू नये, हे या साखरेचं एक सरळ काम आहे. मोठा, पाणी धरून ठेवणारा रेणू प्रथिनाच्या उघड्या वळणावर बसला की एन्झाइमाला तिथे पोचताच येत नाही.

दुसरं काम रोगप्रतिकारक यंत्रणेशी बोलण्याचं. आपल्या मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक या रोगप्रतिकारक पेशींवर टोकाचा गॅलनॅक ओळखणारं एमजीएल नावाचं प्रथिन असतं. कॅम्पिलोबॅक्टरची साखळी त्याला जाऊन भिडते. ही साखळी नसलेल्या जिवाणूंना तोंड देताना त्याच पेशी दाह वाढवणारे निरोप जास्त सोडतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. साखर असली की त्यांचा आवाज खाली येतो.

शेपटीवरची साखर वेगळ्या पद्धतीनं चढते. तिच्यासाठी वाहकावर साखळी ओवायची भानगड नाही, एकेक साखर थेट सेरीन किंवा थ्रिओनीनला जोडली जाते. ती साखर म्हणजे स्यूडॅमिनिक आम्ल, आपल्या पेशींच्या टोकांवर असणाऱ्या सायलिक आम्लाचं दूरचं भावंड. शेपटी ज्या फ्लॅजेलिन प्रथिनाच्या हजारो प्रती रचून बनते त्याच्या प्रत्येक प्रतीवर एकोणीसपर्यंत जागी ही साखर सापडली आणि तिनं त्या प्रथिनाचं वजन सुमारे 10 टक्क्यांनी वाढतं. जनुकावरून काढलेलं वजन आणि यंत्रावर मोजलेलं वजन यांत इतका फरक! ही साखर बनवणारं जनुक बंद पाडलं तर फ्लॅजेलिन तयार होतं, पण त्याच्या प्रती एकमेकींवर रचल्याच जात नाहीत. शेपटी उभी राहत नाही. आतड्यातल्या चिकट स्रावातून पोहत जाणं हा ज्याचा धंदा, तो जिवाणू जागीच बसतो. जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचीही हीच कथा आहे, त्याच्याही शेपटीला स्यूडॅमिनिक आम्लावाचून अस्तित्व नाही. माणूस हे आम्ल बनवत नाही. म्हणून ते बनवणारी एन्झाइमं, तसंच बॅसिलोसामाइन बनवणारी एन्झाइमं अडवता आली तर आतड्यातल्या इतर निरुपद्रवी जिवाणूंना फारसा धक्का न लावता रोगजंतूला नि:शस्त्र करता येईल, या आशेवर काही प्रयोगशाळा काम करत आहेत. वापरात आलेलं औषध अजून त्यातून निघालेलं नाही.

साखरेचा वेगळाच डाव नायसेरिया कुळात दिसतो. गोनोरियाचा जिवाणू आणि मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस हे दोघं भाऊ. दोघांच्या अंगावर पिली नावाचे बारीक तंतू असतात आणि त्यांनी ते आपल्या पेशींना धरतात. तंतूतल्या पिलिन प्रथिनावर साखर असते. गंमत तिच्या जनुकांत आहे. त्यांतल्या काहींमध्ये 'जी' हे एकच अक्षर ओळीनं पुष्कळदा येतं. डीएनएची नक्कल करताना अशा जागी एखादं अक्षर कमी-जास्त होतं. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जातं, त्यामुळे एक अक्षर इकडेतिकडे झालं की पुढचं सगळं वाचन चुकतं आणि एन्झाइम बनत नाही. पुढच्या कुठल्या तरी पिढीत अक्षर परत जागेवर येतं आणि एन्झाइम परत सुरू. म्हणजे एकाच जिवाणूपासून वाढलेल्या वसाहतीत काहींच्या तंतूंवर लांब साखळी, काहींच्या आखूड. अँटिबॉडी एका रूपावर नेम धरतात तोवर दुसरं रूप वाढीला लागलेलं असतं. कॅम्पिलोबॅक्टरचा संपूर्ण जीनोम 2000 साली वाचला गेला तेव्हा तिथेही अशा घसरणाऱ्या जागा मुख्यतः पृष्ठभागाच्या साखरेशी संबंधित जनुकांतच गोळा झालेल्या दिसल्या. हा योगायोग असू शकत नाही.

मेनिंगोकोकसच्या काही वाणांत पिलिनचा क्रम मात्र कधीच बदलत नाही. रोगप्रतिकारक यंत्रणेपुढे एकच चेहरा घेऊन हे वाण कसे टिकतात, हा प्रश्नच होता. 2015 साली त्यांच्या तंतूंची बारकाईनं तपासणी झाली तेव्हा कळलं, की इथे पिलिनवर एका जागी नव्हे तर अनेक जागी साखर आहे आणि तंतूचा बराचसा उघडा भाग तिनंच झाकून टाकलाय. जनुकांच्या यादीत पाहिलं असतं तर हे वाण सगळ्यांत सोपं लक्ष्य वाटलं असतं.

साखर नेहमी जिवाणूच्याच पथ्यावर पडते असंही नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा गळवांपासून रक्तातल्या जंतुसंसर्गापर्यंत सगळीकडे भेटणारा जिवाणू. ज्या प्रथिनांनी तो आपल्या ऊतींना चिकटतो त्यांच्या देठांत सेरीन आणि ॲस्पार्टिक आम्ल ही जोडी पुनःपुन्हा येते. एसडीजी-ए आणि एसडीजी-बी ही एन्झाइमं त्या देठांवर एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन चढवतात. साखर नसेल तर आपल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचं कॅथेप्सिन-जी हे एन्झाइम ते देठ कापून टाकतं. साखर असेल तर कापता येत नाही. पण याच साखरेला ओळखणाऱ्या अँटिबॉडी माणसांच्या रक्तात भरपूर असतात. एका शत्रूपासून वाचताना तो दुसऱ्याला दिसतो.

पीजीएल-बीची कहाणी झुरिचला एका वेगळ्या वळणावर गेली. तिथल्या ईटीएच विद्यापीठात मार्कुस एबी यांच्या गटानं 2002 साली कॅम्पिलोबॅक्टरचा तो सगळा जनुकांचा झुबका उचलून ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये घातला. प्रयोगशाळेतला साधा ई. कोलाय, ज्याला ही जोडणी मुळात येत नाही, तो आपल्यात घातलेल्या कॅम्पिलोबॅक्टरच्या प्रथिनावर सात साखरांची साखळी जोडू लागला. थोड्याच वर्षांत असंही दिसलं, की पीजीएल-बी साखळीच्या बाबतीत उदार आहे. मुळाशी असलेल्या साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर ॲसिटिल-अमिनो गट असला की दुसऱ्या जिवाणूंच्या साखळ्याही ते जोडून देतं.

याचं महत्त्व लशींच्या संदर्भात आहे. पुष्कळ जिवाणूंविरुद्ध नुसती साखर टोचून दोन वर्षांखालच्या बाळांत टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही. तीच साखर प्रथिनाला जोडून दिली तर येते, कारण प्रथिनामुळे टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशी मदतीला येतात. ही कल्पना एव्हरी आणि गोबेल यांनी 1929 साली मांडून दाखवली होती. आज बाळांना मिळणाऱ्या हिब आणि न्यूमोकोकसच्या लशी त्याच तत्त्वावर आहेत. महाराष्ट्राचा या कामात मोठा वाटा आहे. आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली मेनॲफ्रिव्हॅक ही लस 2010 साली बुर्किना फासोत सुरू झाली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. तिच्यानंतरची, मेनिंगोकोकसच्या पाच गटांवरची मेनफाइव्ह 2024 साली नायजेरियात प्रथम दिली गेली. नवी मुंबई महापालिकेनं 2018 साली विषमज्वराची अशीच संयुग्म, म्हणजे साखर प्रथिनाला जोडलेली, लस सरकारी मोहिमेत मुलांना दिली. या सगळ्या लशींत साखर एकीकडे काढायची, प्रथिन दुसरीकडे वाढवायचं, दोन्ही शुद्ध करायची, साखरेला रासायनिक क्रियेनं जोडणीजोगं करायचं, जोडायचं आणि परत शुद्ध करायचं, असा लांबलचक कारभार असतो. पीजीएल-बी हे सगळं एका जिवंत पेशीत करून देतं.

झुरिचच्या संशोधनातून ग्लायकोव्हॅक्सिन ही कंपनी निघाली आणि 2015 साली जीएसके या औषध कंपनीनं ती विकत घेतली. आमांश करणाऱ्या शिगेला जिवाणूवरची अशी लस स्वयंसेवकांना देऊन, मग त्यांना मुद्दाम जंतू पाजून तपासली गेली. मुख्य कसोटीला ती उतरली नाही, पण तीव्र आजार कमी झाला. ई. कोलायच्या गंभीर संसर्गावरची नऊ घटकांची लस मोठ्या चाचणीपर्यंत पोचली होती, ती चाचणी पुरेसा परिणाम दिसेना म्हणून 2025च्या फेब्रुवारीत थांबवण्यात आली. तंत्र फसलं असा याचा अर्थ मी काढत नाही. साखर नीट जोडली गेली होती. ती साखर रोखल्यानं तो आजार टळतो का, हा निराळा प्रश्न होता. कोंबड्यांतही प्रयोग झाले. कॅम्पिलोबॅक्टरची सात साखरांची साखळी अंगावर मिरवणारा निरुपद्रवी ई. कोलाय कोंबड्यांना दिला तेव्हा काही पक्ष्यांत कॅम्पिलोबॅक्टर जवळपास दिसेनासा झाला, काहींत मात्र काहीच फरक पडला नाही.

आता क्षयाकडे येऊ. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव भारतात आहेत, त्यामुळे आपल्यासाठी हा भाग सगळ्यांत जवळचा. क्षयाच्या जिवाणूचा जीनोम 1998 साली वाचला गेला, सुमारे चार हजार जनुकं. त्यानंतर लस म्हणून वापरता येतील अशी प्रथिनं निवडण्याची एक ठरलेली रीत रूढ झाली. जनुक निवडायचं, ई. कोलायमध्ये घालायचं, प्रथिन काढायचं, उंदराला किंवा रुग्णाच्या रक्तपेशींना देऊन प्रतिसाद पाहायचा. ही रीत सोपी, स्वस्त आणि वेगवान आहे. पण क्षयाचा जिवाणू आपल्या काही बाहेर टाकलेल्या प्रथिनांवर मॅनोज चढवतो आणि ई. कोलाय तसं करत नाही. ज्या एन्झाइमानं हा मॅनोज चढतो त्याचं जनुक काढून टाकलं तेव्हा क्षयाचा जिवाणू नुसता हळू वाढला नाही, उंदरांत आजार निर्माण करण्याची त्याची ताकदही घटली.

या प्रथिनांतलं सगळ्यांत तपासलेलं म्हणजे एपीए. ते पुष्कळ प्रमाणात बाहेर पडतं आणि त्याच्या चार थ्रिओनीनांवर मॅनोजच्या छोट्या साखळ्या असतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी बीसीजी ही क्षयावरची जिवंत लस दिलेल्या गिनीपिगांच्या कातडीत हे प्रथिन टोचून प्रतिसाद मोजला. मूळ जिवाणूतून काढलेलं, मॅनोजसकट असलेलं एपीए कातडीवर जोरदार गाठ उठवायचं. मॅनोज काढून टाकलेलं तेच प्रथिन कितीतरी पटींनी कमजोर ठरलं. ई. कोलायमध्ये बनवलेलं, मॅनोज नसलेलं प्रथिनही तसंच कमजोर. मग त्यांनी ते मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या क्षयाच्या निरुपद्रवी नातलगात बनवून घेतलं. त्यानं मॅनोज चढवला, पण त्याची मांडणी वेगळी आली, आणि प्रतिसाद परत खाली. हे सगळं 1999 सालीच प्रसिद्ध झालं. अमिनो आम्लांचा क्रम तिन्ही ठिकाणी एकच होता.

बीसीजी हा जिवंत जिवाणू आहे, तो एपीए स्वतःच्या पद्धतीनं मॅनोज लावून बनवतो. म्हणजे आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी टोचलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या टी-पेशी मॅनोजसकटच्या एपीएला आधी भेटतात. त्या बाळाच्या पेशींना मोठेपणी ई. कोलायमधलं उघडं प्रथिन दाखवून 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारणं मला बरोबर वाटत नाही. क्षयाच्या लशीसाठी किंवा निदान-चाचणीसाठी तपासून बाजूला सारलेल्या प्रथिनांत अशी किती असतील, हे त्या-त्या प्रथिनाची साखर मूळ जिवाणूत तपासल्याशिवाय कळणार नाही. वस्तुमान मोजणारी यंत्रं आता पूर्वीपेक्षा कितीतरी नाजूक झाली आहेत, पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांतही ती आहेत. प्रत्येक निवडलेल्या प्रथिनाच्या नोंदीत ते कुठल्या पेशीत घडवलं आणि त्याच्यावर काय होतं, हे दोन रकाने असायलाच हवेत.